वेरूळची सून

छत्रपती संभाजीनगर शहरापासून वायव्येस सुमारे तीस किलोमीटरांवर वेरूळ हे गाव आहे. तेथील कैलास लेणे पाहण्यास जगभरातून लोक येतात. लेणी पाहून झाली की बहुतेक प्रवासी घृष्णेश्वराचे दर्शन घेतात आणि परततात. गावातच एका जुन्या गढीचे अवशेष आहेत, तिकडे मात्र थोड्यांचीच पावले वळतात. ही गढी भोसल्यांची. शिवाजीमहाराजांचे पणजोबा बाबाजी भोसले यांच्याकडे वेरूळची पाटीलकी होती. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी यांनी निजामशाहीत शौर्याने नाव मिळविले आणि आपल्या गावच्या घृष्णेश्वराच्या पडक्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात हे देवालय पुन्हा उभारण्याचे काम इंदूरच्या होळकर घराण्यातील गौतमाबाई व अहिल्याबाई या सासूसुनांनी केले. घराचा वारसा सांभाळण्याचे काम या गावाच्या कथेत पुनःपुन्हा स्त्रियांकडेच आलेले दिसते. त्या स्त्रियांत ज्यांचे नाव प्रथम घ्यावे, त्या राजमाता जिजाबाई या वेरूळच्या सून होत.

जिजाबाईंचे माहेर विदर्भाच्या सीमेवरील सिंदखेडचे. आज हे गाव सिंदखेड राजा या नावाने ओळखले जाते व ते बुलढाणा जिल्ह्यात मोडते. तेथील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील बडे सरदार होते. त्यांच्या पदरी हजारो स्वार असत. जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांपासून सांगत. ज्या यादवांनी देवगिरीचा बेलाग किल्ला उभारला, त्यांचे आपण वंशज, हा त्यांचा अभिमान होता. पुढे त्याच किल्ल्याला दौलताबाद हे नाव मिळाले. वेरूळहून शहराकडे येताना वाटेतच तो लागतो. जाधव व भोसले या दोन्ही घराण्यांच्या नशिबाची गाठ या किल्ल्याशी कशी पडली, ते पुढे येईलच.

लखुजीराव व म्हाळसाबाई यांच्या पोटी पौष पौर्णिमेस, १२ जानेवारी १५९८ रोजी, जिजाबाईंचा जन्म झाला असे मानतात. त्यांच्या विवाहाची एक कथा बखरींत सांगितलेली आहे. रंगपंचमीच्या दिवशी लखुजीरावांच्या वाड्यात लहानगा शहाजी आणि लहानगी जिजा एकमेकांवर रंग उधळू लागली. ते पाहून हा जोडा शोभून दिसतो असे लखुजीराव सहज बोलून गेले. मालोजींनी तोच शब्द पक्का धरला. म्हाळसाबाईंना मात्र ते रुचले नाही. कोठे सिंदखेडचे जाधवराव आणि कोठे वेरूळचे पाटील! त्यावरून दोन्ही घरांत तेढ आली, आणि ती निजामशहाने मध्ये पडून मिटविली, अशी ही कथा आहे.

कथा गोड आहे. परंतु ती जशीच्या तशी खरी मानता येत नाही. शिवाजीमहाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने शिवभारत नावाचे संस्कृत काव्य रचिले. त्यात म्हटले आहे की मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हा शहाजी अवघे पाच वर्षांचे होते. मालोजींच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या. शहाजी व शरीफजी या दोन लहान मुलांना पदराखाली घेऊन त्यांनी वैधव्याचे दिवस काढले. दीर विठोजी यांनी पुतण्यांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. मुलगा गुणी निघाला, हे पाहून लखुजीरावांनी आपली कन्या त्यास दिली. हा विवाह १६०५ च्या सुमारास झाला असे सांगतात. एवढे खरे की मानी माहेर सोडून जिजाबाई ज्या घरी आल्या, ते घर तलवारीच्या जोरावर नुकतेच वर येत होते, आणि त्या घराचा आधार हरपलेला असताना ते एका विधवेने मोडू दिले नव्हते.

त्या काळी मराठे सरदार आज या सुलतानाच्या तर उद्या त्या सुलतानाच्या चाकरीत असत. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि उत्तरेकडून सरकत येणारी मोगलाई यांच्या लढायांत सख्खे भाऊसुद्धा समोरासमोर उभे राहत. मलिक अंबर हा निजामशाहीचा कर्तबगार वजीर. त्याने १६१० साली खडकी येथे नवे नगर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. या दरबारात जाधव आणि भोसले दोघेही मानाने वावरत होते. असे असताना एका दिवशी एका हत्तीने सारा घात केला.

शिवभारतात हा प्रसंग वर्णिलेला आहे. दरबार संपवून सरदार आपापल्या लोकांनिशी परतत होते. तेवढ्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला व गर्दीत घुसून माणसे तुडवू लागला. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी त्या हत्तीवर शस्त्र घेऊन धावले. खंडागळ्याच्या मदतीस विठोजीचे पुत्र संभाजी व खेळोजी, म्हणजे शहाजीराजांचे चुलतभाऊ, पुढे आले. हत्ती बाजूलाच राहिला आणि माणसांची आपसांत जुंपली. संभाजीच्या हातून दत्ताजी ठार झाले. लखुजीराव पुढे निघून गेले होते. पुत्र पडल्याची वार्ता ऐकताच ते उलटून आले. चुलतभावाच्या बचावासाठी शहाजीराजे मध्ये उभे राहिले. त्या झटापटीत जावयाच्या दंडावर वार झाला व ते मूर्च्छित पडले. आणि लखुजीरावांनी संभाजीचा वध करून पुत्राचा सूड घेतला.

सिंदखेडच्या लेकीवर आणि वेरूळच्या सुनेवर त्या दिवशी काय ओढवले असेल, याची कल्पना करावी. सासरच्या माणसाने सख्खा भाऊ मारला होता आणि जन्मदात्या पित्याने दीर मारला होता. पती जखमी झाले होते, तेही वडिलांशी लढताना. सुतक दोन्हीकडचे होते. जिजाबाईंनी त्या वेळी काय म्हटले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या सासरीच राहिल्या, एवढे मात्र निश्चित.

यानंतर लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. इ. स. १६२४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील भातवडी येथे मोठी लढाई झाली. तीत मलिक अंबराच्या बाजूने शहाजीराजे लढले, आणि लखुजीराव शत्रुपक्षात होते. ती लढाई मलिक अंबराने जिंकली. परंतु उमाबाईंचा धाकटा पुत्र शरीफजी तीत पडला. सासरा एका सैन्यात आणि जावई दुसऱ्या सैन्यात अशी ही स्थिती. जिजाबाईंना सहा पुत्र झाले, त्यांपैकी संभाजी आणि शिवाजी हे दोघेच जगले, असे शिवभारत सांगते. म्हणजे बाहेर हे वैर धुमसत असताना घरातही त्यांनी चार पुत्रांचे दुःख गिळलेले होते.

मलिक अंबर १६२६ साली मरण पावला व निजामशाहीची घडी विसकटली. काही काळाने लखुजीराव पुन्हा निजामशहाकडे आले. परंतु मूर्तजा निजामशहाच्या मनातून संशय गेलेला नव्हता. जुलै १६२९ मध्ये त्याने लखुजीरावांना दौलताबादच्या किल्ल्यात भेटीस बोलाविले. ते आपले पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह मुजऱ्यास गेले. तेथे दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी या चौघांनाही कापून काढले. ज्या किल्ल्याचे नाव जाधव आपल्या पूर्वजांच्या अभिमानाने घेत, त्याच किल्ल्यात त्यांच्या तीन पिढ्यांचे रक्त एका क्षणी सांडले. किल्ल्याबाहेरच्या तळावर असलेल्या लखुजीरावांच्या पत्नीने ही बातमी ऐकली. शोक करीत बसण्यास तिला सवड नव्हती. उरलेल्या माणसांना सावरून ती सिंदखेडकडे निघून गेली, आणि तिच्या त्या धैर्यामुळेच जाधवांचे घर निर्वंश होण्यावाचून राहिले. सिंदखेड राजा येथे लखुजीरावांची भव्य समाधी आज उभी आहे.

जिजाबाई त्या वेळी गर्भवती होत्या.

आता शहाजीराजे काय करतात, याकडे साऱ्या दख्खनचे लक्ष लागले असेल. ज्या सासऱ्याने आपल्यावर शस्त्र उगारले, त्याचा काटा परस्पर निघाला, असे म्हणून एखादा स्वार्थी सरदार स्वस्थ बसला असता. शहाजीराजांनी तसे केले नाही. सासऱ्याच्या खुनाचा निषेध म्हणून त्यांनी निजामशहाची चाकरीच सोडली. पुढे ते काही काळ मोगलांकडे गेले. हत्तीच्या प्रसंगाने तुटलेले दोन घरांचे नाते असे पुन्हा जुळले; मात्र ते जुळलेले पाहण्यास लखुजीराव उरले नव्हते. या निर्णयात पत्नीच्या दुःखाचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

अशा धामधुमीत जिजाबाईंना जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर ठेवण्यात आले. तेथील विजयराज यांची कन्या जयंतीबाई ही थोरल्या संभाजीराजांस दिली होती. त्यामुळे तो किल्ला म्हणजे व्याह्यांचेच घर. लखुजीरावांनी पाठलाग करताना वाटेत गर्भवती लेकीला गाठले आणि शिवनेरीवर पोहोचविले, अशी एक गोष्ट सांगतात. पण त्या वेळी लखुजीराव हयातच नव्हते. लोकांच्या मनाला बापलेकीची भेट घडवावीशी वाटली, एवढाच तिचा अर्थ. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. बाळ रांगू लागले तो दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. माणसे अन्नान्न करीत मेली, गावेच्या गावे ओस पडली.

पुढची सहा वर्षे स्थैर्य असे नव्हतेच. १६३२ साली मूर्तजा निजामशहाचा मलिक अंबराच्या मुलाने, फत्तेखानाने, खून केला. दुसऱ्याच वर्षी दौलताबाद मोगलांच्या हाती पडला. शहाजीराजे तोवर मोगलांना सोडून निजामशाही तगविण्याच्या उद्योगास लागले होते. याच धावपळीत जिजाबाई मोगलांच्या हाती सापडल्या, असे ग्रँट डफ या इतिहासकाराने नमूद केले आहे. मोगली फौजेत त्यांच्या माहेरची जाधव मंडळी होती. शहाजीराजे तर मोगलांचे शत्रू. तरीही आपल्या घरची लेक कैदेत राहावी, हे जाधवांना सहन झाले नाही. त्यांनी रदबदली करून जिजाबाईंना सोडविले व कोंडाण्यावर पोहोचते केले. माहेरशी वैर असूनही जिजाबाईंनी ते नाते तोडले नसावे, याची साक्ष या प्रसंगात मिळते.

१६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत शिरले आणि कर्नाटकात गेले. बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले. मोहिते घराण्यातील तुकाबाई या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांचे पुत्र व्यंकोजी. पुढे थोरले संभाजीराजे वडिलांजवळ राहिले आणि जिजाबाई धाकट्या शिवबास घेऊन पुण्याच्या जहागिरीत आल्या. एक संसार असा दोन ठिकाणी वाटला गेला. मने दुरावली होती की केवळ राजकारणाची ती गरज होती, हे आज ठरविणे कठीण आहे. मात्र जिजाबाईंनी मुलाच्या मनात वडिलांविषयी किल्मिष येऊ दिले नाही. शिवाजीमहाराजांचे आपल्या वडिलांशी असलेले पुढील वर्तन पाहिले म्हणजे हे पटते. १६४८ साली आदिलशहाने शहाजीराजांना कैद केले, तेव्हा पुत्राने मिळविलेला कोंडाणा सोडून दिला, पण पित्यास सोडविले.

पुणे तेव्हा उजाड होते. आदिलशाही सरदाराने ते जाळून, त्यावर गाढवांचा नांगर फिरविला होता. जिजाबाईंनी तेथे लाल महालात बिऱ्हाड केले. कसब्यातील गणपतीचे देऊळ त्यांनी बांधविले असे सांगतात. दादोजी कोंडदेवासारख्या कारभाऱ्यांनी शेतकऱ्यांना कौल देऊन परत आणले, लांडग्यांचा बंदोबस्त केला, पडीक जमिनी लागवडीस आणल्या. जिजाबाईंच्या नावाची काही पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचताना लक्षात येते की त्यांचे काम देवघरापुरते नव्हते. वतनावरून भांडणारे भाऊबंद, इनामाची तक्रार घेऊन आलेला गावकरी, असे लोक त्यांच्यापुढे येत. एका वतनावरून एका घराच्या पिढ्या एकमेकांचे गळे कापीत, अशा त्या काळात हा निवाडा करणे सोपे नव्हते. भाऊबंदकी काय करिते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

इ. स. १६४० मध्ये शिवाजीमहाराजांचा विवाह फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या सईबाई यांच्याशी झाला. सासूबाई उमाबाई यांचेही माहेर हेच. म्हणजे ज्या घरातून दोन पिढ्यांआधी भोसल्यांची लक्ष्मी आली, त्याच घरातून पुन्हा सून आणली गेली. या निंबाळकरांचीच एक हकीकत जिजाबाईंच्या नावाशी जोडली जाते. सईबाईंचे बंधू बजाजी निंबाळकर यांचे विजापूर दरबारात धर्मांतर झाले. पुढे त्यांना आपल्या माणसांत परत येण्याची इच्छा झाली. पण त्या काळचा समाज असा माणूस परत घेण्यास तयार होत नसे. भाऊबंद दुरावले, पंगतीस घेईनात. परंपरा सांगते की जिजाबाईंनी पुढाकार घेऊन, शास्त्री मंडळींचा विचार घेऊन, शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवापुढे बजाजींना परत घेतले. एवढ्यावर लोकांची तोंडे मिटली नसती. म्हणून महाराजांची कन्या सखुबाई ही बजाजींचे पुत्र महादजी यांस देण्यात आली. हा विवाह १६५७ साली झाला, आणि जावयास पुरंदरच्या मुलखातील वाल्हे गावची पाटीलकी दिल्याची नोंद आहे. आपल्या घरची लेकच ज्या घरात दिली, त्या घराला परके कोण म्हणणार?

माहेरच्या माणसांचेही त्यांनी असेच केले. सिंदखेडचे जाधव बहुतांशी मोगलांच्या चाकरीत राहिले. मात्र दौलताबादेत मारल्या गेलेल्या अचलोजींचा लहान मुलगा जिजाबाईंनी आपल्याजवळ आणून वाढविला, अशी आठवण जाधव घराण्यात सांगतात. पुढे मराठ्यांचे सेनापती म्हणून ज्यांनी औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो करून सोडले, ते धनाजी जाधव याच कुळातले.

१६५४-५५ च्या सुमारास थोरले पुत्र संभाजीराजे कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. सहांपैकी दोन उरले होते, त्यांतला एक असा गेला. सप्टेंबर १६५९ मध्ये सून सईबाई राजगडावर वारल्या. त्या वेळी नातू संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. अफजलखान प्रचंड सैन्य घेऊन चालून येत होता. नोव्हेंबरात प्रतापगडाखाली त्याची भेट ठरली होती. पुत्राला त्या भेटीस निरोप देणाऱ्या आईच्या मांडीवर त्याचे पोरके मूल होते. एका पिढीला लढाईस पाठवावे आणि दुसरीला वाढवावे, हेच त्यांचे आयुष्य झाले होते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकार करताना घोडा अडखळला व शहाजीराजे पडून मृत्यू पावले. ही वार्ता येताच जिजाबाई सती जाण्यास निघाल्या. अनेक वर्षे पतीपासून दूर राहिलेल्या त्या मानी स्त्रीने पत्नीधर्म मात्र मनातून सोडलेला नव्हता. महाराजांनी व जाणत्या मंडळींनी कसून विनवण्या केल्या. महाराज आईच्या मांडीवर बसून तिच्या गळ्याला मिठी मारून राहिले, असे सभासदाने लिहिले आहे. तेव्हा त्या मागे फिरल्या. त्या फिरल्या नसत्या, तर दोनच वर्षांनी काय झाले असते? १६६६ च्या मार्चमध्ये महाराज संभाजीराजांना घेऊन आग्र्यास गेले, ते राज्याचा भार आईच्या हाती सोपवून. तेथे औरंगजेबाने त्यांना नजरकैदेत ठेविले. पुत्र व नातू दोघेही शत्रूच्या तावडीत असताना अडुसष्ट वर्षांच्या जिजाबाईंनी राजगडावर बसून राज्य राखिले. त्या काळात किल्ले फितले नाहीत, कारभारी फुटले नाहीत. महाराज परतले तेव्हा राज्य होते तसेच होते.

पुढे राजधानी रायगडावर गेली. गडावरचा वारा व थंडी म्हातारपणी सोसेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाड येथे आईसाठी वाडा बांधला. त्या वाड्याचे चौथरे व भिंती आजही दिसतात. तेथील एका विहिरीच्या काठी टेकून बसण्याजोगा दगडी तक्क्या आहे. तेथे बसून जिजाबाई पाण्यास येणाऱ्या बायकांशी बोलत, असे पाचाडचे लोक सांगतात.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला. वेरूळच्या पाटलांचा पणतू छत्रपती झाला. हा सोहळा पाहण्यास जिजाबाई गडावर होत्या. त्यानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे.

जिजाबाई गेल्या तेव्हा घरातील एक दुरावा मिटावयाचा राहिला होता. सवतीचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावर येथे राज्य करीत होते. वडिलांच्या मिळकतीचा वाटा मागण्यासाठी महाराज १६७७ मध्ये दक्षिणेत गेले. कोळरून नदीच्या काठी दोघे सावत्र भाऊ भेटले. पण बोलणी फिसकटली आणि एका रात्री व्यंकोजीराजे गुपचूप नदी ओलांडून निघून गेले. महाराज परत फिरल्यावर त्यांच्या फौजेवर व्यंकोजींनी हल्ला केला, आणि त्यात हार खाऊन ते मनाने अगदी खचले. पुन्हा एकदा भोसल्यांची तलवार भोसल्यांवर उठली होती.

हा कलह एका सुनेने मिटविला. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीची समजूत घातली, वडील भावाशी लढण्यात लाभ नाही हे पटविले, आणि जुने कारभारी रघुनाथपंत हणमंते यांना मध्ये घालून तहाची बोलणी करविली. तह झाला. महाराजांनी तंजावरचे राज्य व्यंकोजींकडेच राहू दिले. बंगळूर आणि त्याच्या आसपासचा, दोन लाख होन उत्पन्नाचा मुलूख मात्र त्यांनी व्यंकोजींना दिला नाही. तो त्यांनी भावजयीस, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी म्हणून दिला व तिच्या स्वतःच्या हक्काचा ठेविला.

तंजावरास त्यानंतर भोसल्यांचे राज्य पावणेदोनशे वर्षांहून थोडे अधिकच टिकले. तेथील दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाची सारी हकीकत दगडात कोरून घेतली. भोवती सगळा मुलूख तमिळ भाषेचा. पण तो प्रचंड शिलालेख मराठीत आहे.